चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य: भरती-ओहोटी बघून आखायची सकाळ

पणजीहून रायबंदर गाठायचं, फेरीबोटीत चढायचं, मांडवी ओलांडायची, की समोर चोडण. या बेटाच्या पश्चिम टोकाला जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं खारफुटीचं रान आहे. १९८८ साली ते अभयारण्य झालं आणि त्याला आदल्याच वर्षी निवर्तलेल्या डॉ. सलीम अलींचं नाव दिलं गेलं. गोव्यातलं हे सगळ्यात लहान अभयारण्य. आत फरसबंद पायवाट आहे, खाडीचे फाटे आहेत, मनोरा आहे. वाट लहान आहे. भरभर चाललात तर अर्ध्या तासात संपते, आणि तशी चाललात तर काहीच दिसत नाही.

इथून हिरमुसून परतणाऱ्यांचं गाऱ्हाणं जवळपास ठरलेलं असतं: पक्षी कुठे आहेत, नुसती झाडंच आहेत. बहुतेक वेळा अशी मंडळी सकाळी दहा-अकराला, ऐन भरतीत आलेली असतात. इथले निम्म्याहून अधिक पक्षी चिखलात जेवतात. चिखल पाण्याखाली गेला की त्यांचं जेवणघर बंद होतं. मग ते दाट फांद्यांत किंवा बांधापलीकडच्या शेतांत निवांत बसून राहतात. म्हणून चोडणला जायचा दिवस रविवार बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा.

दिवस कसा निवडायचा

कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब अजून कामाला येतो: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ निघते. द्वितीया असेल तर दोनची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दीडच्या सुमारास, दुपारीही आणि रात्रीही. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन. पक्ष शुक्ल असो वा वद्य, आकडा तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. म्हणजे द्वितीयेला सकाळी पावणेआठच्या, तृतीयेला साडेआठच्या आणि चतुर्थीला सव्वानवाच्या आसपास पाणी सर्वांत खाली असतं. पक्षी बघायला नेमकी हीच वेळ हवी. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण नुकतंच होऊन गेलेलं असतं, त्यामुळे पाणी दूरवर ओसरतं आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात चिखल उघडा मिळतो.

याउलट अष्टमी-नवमीला भांग असतो. भरती फार चढत नाही, ओहोटी फार उतरत नाही, चिखलाची अरुंद पट्टीच उघडी पडते. त्यातच अष्टमीची भरती सकाळी सहाला, म्हणजे तुम्ही पोचता तेव्हा पाणी भरलेलं. अष्टमीच्या आगेमागे तीन दिवस टाळा.

पाऊणपटीचा हिशेब दिवस निवडण्यापुरता पुरतो, त्यात तासाभराचं अंतर पडू शकतं. निघण्याच्या आदल्या रात्री मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा आणि त्यात दोन गोष्टी तपासा. पहिली वेळ. चोडण नदीच्या मुखापासून आत असल्यामुळे तिथे पाणी उशिरा चढतं-उतरतं, म्हणून मुरगावच्या वेळेत पंधरा ते तीस मिनिटं मिळवा. दुसरी उंची, आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर एकाच दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात: एक चांगली खोल, दुसरी अर्धवट. तक्त्यात सकाळच्या ओहोटीची उंची ०.६ मीटरच्या खाली दिसली तर चिखल भरपूर उघडा पडेल, १ मीटरच्या वर दिसली तर दुसरा दिवस बघा. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त वर-खाली होतं, इथे ते जेमतेम दोन मीटर. म्हणून इथे अर्ध्या मीटरनेही फार फरक पडतो.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उत्तरेकडून आलेले तुतवार, टिळवे, कोरल (कर्ल्यू) तेव्हा इथे असतात. मार्चच्या अखेरीपासून दमट उकाडा सुरू होतो आणि नऊनंतर वाटेवर थांबवत नाही. पावसाळ्यात रान सुंदर दिसतं, पण पाहुणे पक्षी नसतात, वाट शेवाळलेली असते, डासांचा कहर असतो आणि नदीला ओढ असली तर फेरीही खोळंबते.

पोचायचं कसं

डिसेंबर-जानेवारीत गोव्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तोवर रायबंदरच्या धक्क्यावर असायचं हे ध्येय ठेवा.

पणजीच्या कदंब बसस्थानकावरून जुन्या गोव्याकडे बसगाड्या जातात. काही बायपासने जातात, म्हणून चढण्याआधी "रायबंदरवरून जाता का?" एवढं विचाराच. रायबंदरची वाट जुन्या पोर्तुगीज बांधरस्त्यावरून जाते. १६३३-३४ च्या सुमारास बांधलेला हा रस्ता तीन किलोमीटरहून लांब आहे. डाव्या हाताला मांडवी आणि उजव्या हाताला मिठागरं. उजवीकडची खिडकी पकडा, बगळे आणि शेकाटे इथूनच दिसू लागतात. उतरताना नुसतं रायबंदर म्हणू नका, फेरीचा धक्का म्हणा.

महाराष्ट्रातून रेल्वेने येणाऱ्यांनी मडगावपर्यंत जायचं कारण नाही. कोकणकन्या आणि मांडवी एक्स्प्रेस करमळीला थांबतात आणि तिथून रायबंदर रिक्षाने जवळ पडतं. डिचोलीकडून येणाऱ्यांना मयेवरून पुलाने थेट बेटावर गाडी आणता येते. म्हापशाकडच्यांना पोंबुर्पा-चोडण फेरी सोयीची. या दोन्ही वाटांनी आलात तर बेटाच्या आतून गावं ओलांडत पश्चिमेच्या धक्क्यापर्यंत यावं लागतं, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

चारचाकी रायबंदरलाच लावा, हा आमचा आग्रह आहे. फेरीतून उतरल्यावर डाव्या हाताला अभयारण्याचं फाटक इतकं जवळ आहे की तिकडे गाडी नेऊन काहीच साधत नाही. उलट सकाळी बेटावरची माणसं कामाला पणजीकडे निघतात, परतीच्या फेरीला गाड्यांची रांग लागते, आणि तुमची गाडी त्या रांगेत एका गावकऱ्याची जागा अडवते. पायी माणूस पुढच्याच फेरीत चढतो. फेरीवर चढताना आणि उतरताना आधी वाहनांना वाट द्या. फळी पूर्ण टेकेपर्यंत तिच्याजवळ उभं राहू नका. ती ओली असते आणि टेकताना हिसका बसतो. दुचाकी नेलीत तर इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवा. भाडं आणि वेळा धक्क्यावरच्या फलकावर असतात. सुटे पैसे जवळ असू द्या.

पाच-दहा मिनिटांच्या या प्रवासात मोबाइल खिशात ठेवा. ब्राह्मणी घारी फेरीच्या आसपास पाण्यावरून मासे उचलतात. विटकरी अंग, पांढरं डोकं, ओळखायला सोप्या. हिवाळ्यात मासेमार घार, म्हणजे ऑस्प्रेही, खांबावर बसलेली दिसते.

बरोबर काय घ्यायचं

दुर्बीण ८×४२ घ्या. १०×५० अधिक जवळचं दाखवते खरी, पण खारफुटीत पक्षी पंधरा-वीस मीटरवर फांद्यांच्या जाळ्यात असतो. तिथे रुंद दृश्य आणि कमी थरथर जास्त कामाची. शिवाय दाट सावलीत जास्त उजेड घेणारी भिंगं लागतात, म्हणून ८×२१ सारखी खिशातली दुर्बीण इथे निकामी ठरते. घरात दुर्बीण एकच असेल तर चौघांत फिरवण्यापेक्षा ती एकाने धरावी, पक्षी शोधावा आणि मग इतरांना द्यावी.

कपडे मातकट, राखाडी किंवा गडद हिरवे. पांढरा शर्ट खारफुटीच्या काळोखात लांबून चमकतो. बाह्या पूर्ण आणि विजार पायघोळ हवी, कारण सावलीत डास आणि ओहोटीच्या चिखलावर बारीक चावऱ्या माश्या असतात. डास पळवणारं मलम घरूनच लावून निघा. फवारा मात्र नको. त्याचा वास साचून राहतो आणि दुर्बिणीच्या काचेवर उडाला तर लेप खराब होतो.

पायात रबरी तळव्याचे, खाचा असलेले जुने बूट. फरसबंदी ओली असते आणि तिच्यावर चिखलाची चिकट साय असते. सपाट तळव्याच्या चपला हमखास सटकतात. माणशी दीड लिटर पाणी, थोडे शेंगदाणे-गूळ किंवा केळी, टोपी, कोरडे मोजे, आणि कचरा परत आणायला एक पिशवी. आत दुकान नाही. चहा-नाश्ता रायबंदरलाच करा, शौचालयाची सोयही तिकडेच उरकून घ्या.

आत गेल्यावर

तिकीट फाटकावर मिळतं. कॅमेऱ्याचं शुल्क वेगळं असतं, मोठी लेन्स असेल तर ते भरून पावती जवळ ठेवा. ड्रोन नेऊच नका, अभयारण्यावर परवानगीशिवाय तो उडवणं हा गुन्हा आहे. ब्लूटूथ स्पीकरवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावणंही नको. घरट्याचा पक्षी आपली हद्द राखायला जेवण सोडून धावतो आणि त्याची सगळी सकाळ वाया जाते.

फाटकातून आत शिरल्यावर पहिल्या वीस पावलांतच दहा मिनिटं उभे राहा. हे सोपं वाटतं, पण बहुतेकांना जमत नाही. उन्हातून सावलीत आलेले डोळे सरावायला तेवढा वेळ लागतो, आणि तुमच्या चाहुलीने चिखलात बिळात शिरलेले खेकडे बाहेर यायलाही तेवढाच. पहिल्या मिनिटात चिखल रिकामा दिसतो. तिसऱ्या मिनिटाला एक लालसर नांगी वर होते, पाचव्या मिनिटाला सगळा काठ हलू लागतो. फिडलर खेकड्याच्या नराची एक नांगी जवळजवळ त्याच्या अंगाएवढी असते. ती तो माद्यांना बोलवायला आणि शेजाऱ्याला दटावायला हलवतो. लहान नांगीने चिखल तोंडात घालायचा, त्यातलं खाण्याजोगं गाळून घ्यायचं, उरलेल्या गोळ्या बाहेर टाकायच्या, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. त्या बारीक गोळ्यांची रांगोळी बिळाभोवती दिसेल. निवटीही तिथेच असतात, डोळे डोक्यावर घेऊन चिखलावर सरपटणारे मासे. कल्ल्यांत पाणी धरून आणि ओल्या कातडीतून श्वास घेऊन ते तासन् तास पाण्याबाहेर राहतात. कातडी वाळली की मरतात, म्हणून ते मधूनमधून कुशीवर लोळून अंग ओलं करतात. लहान मुलं बरोबर असतील तर सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

झाडं ओळखायची तर खाली बघा

खारफुटीची पानं लांबून सारखीच दिसतात. मुळं मात्र लगेच वेगळी ओळखू येतात.

छत्रीच्या काड्यांसारखी कमानदार मुळं खोडातून फुटून चिखलात उतरलेली दिसली तर तो कांदळ. त्याच्या पानाच्या टोकाला बारीक काटेरी सुई असते. फांदीला लोंबणाऱ्या हिरव्या लांब काठ्या शेंगा नव्हेत, ती रोपंच आहेत. बी झाडावरच रुजतं, रोप हातभर वाढतं आणि मग गळून पडतं. ओहोटीत पडलं तर तिथेच चिखलात रुततं. भरतीत पडलं तर तरंगत दुसरा काठ गाठतं.

चिखलातून पेन्सिलीएवढी बारीक, बोटभर उंच, असंख्य उभी मुळं आलेली दिसली तर ते तिवर. ही श्वसनमुळं आहेत. चिखलात हवा नसते, म्हणून मूळ उलटं वर येऊन श्वास घेतं. तिवराच्या पानाची खालची बाजू राखाडी-पांढरी असते, आणि कोरड्या सकाळी पानांवर मिठाचे कण चमकतात. झाड शोषलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. कांदळ मात्र मुळापाशीच बहुतेक मीठ गाळून ठेवतो. शेजारी उभी असलेली ही दोन झाडं एकाच अडचणीवर दोन निराळे उपाय करतात.

श्वसनमुळं जाड, शंकूसारखी आणि फळ चांदणीच्या बैठकीवर बसल्यासारखं असेल तर ती चिपी. पांढऱ्या चिपीला महाराष्ट्राने २०२० साली राज्याचा खारफुटी वृक्ष म्हणून मान दिला. तिची फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं त्यांवर येतात, म्हणून सकाळी वाटेवर गळालेले पांढरे तंतू दिसतात. काठाशी काटेरी पानांचं, निळसर फुलांचं झुडूप दिसलं तर ती मारांडी.

एका झाडाला हात लावू नका: हुरी, किंवा गेवा. पानं साधी, चकचकीत, देठ तोडला की पांढरा चीक. हा चीक डोळ्यांत गेला तर भयंकर आग होते आणि काही काळ दिसेनासंही होऊ शकतं. "पान तोडून बघ" म्हणायची सवय इथे मोडा, मुलांना आधीच सांगून ठेवा. चीक लागलाच तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा.

वाट सोडून उतरू नका, हेही मुळांसाठीच. श्वसनमूळ पायाखाली मोडलं की त्याचा तेवढा श्वास गेला. फोटोसाठी रोज दहा माणसं त्याच जागी उतरली तर एका हंगामात तिथला चिखल दबून झाड वाळू लागतं.

पक्षी कुठे आणि कधी

ओहोटीच्या तासभर आधी आत या आणि पाणी पुन्हा चढू लागेपर्यंत थांबा. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलाच्या दूरच्या टोकाला पांगलेले असतात. पाणी चढू लागलं की ते तुकड्या-तुकड्यांनी काठाकडे, म्हणजे तुमच्याकडे, सरकतात. सकाळची उत्तम वीस-तीस मिनिटं ती हीच, आणि नेमकी तेव्हाच बरीचशी मंडळी "झालं बघून" म्हणत परत निघालेली असतात.

आतल्या अरुंद फाट्यांवर खंड्या शोधा. चोडणचा खास पक्षी म्हणजे कॉलर्ड खंड्या: निळसर-हिरवी पाठ, पांढरीशुभ्र मान आणि पोट. तो खारफुटीला धरूनच राहतो, म्हणून महाराष्ट्रातून पक्षीनिरीक्षक खास त्याच्यासाठी इथे येतात. त्याचा कर्कश, तुटक आवाज आधी येतो. आवाज आला की चालू नका, पाण्यावर वाकलेल्या उघड्या फांद्या एकेक तपासा. काळ्या डोक्याचा खंड्याही इथे आहे. जांभळट-निळी पाठ, लाल चोच, तांबूस पोट. नेहमीच्या पांढऱ्या छातीच्या खंड्याशी त्याची गल्लत होते. डोकं काळं की तपकिरी, एवढंच बघा.

उघड्या काठावर बगळे. समुद्र बगळा राखाडी रंगातही असतो आणि पांढऱ्या रंगातही, त्यामुळे पांढरा दिसला की लोक त्याला लहान बगळा ठरवून मोकळे होतात. राखाडी असेल तर गळ्याशी पांढरा डाग बघा. मुळांच्या जाळ्यात दगडासारखा बसलेला बुटका, हिरवट-राखाडी पक्षी म्हणजे खाडीतला छोटा हिरवा बगळा. हलला नाही तर तीन मीटरवरूनही सुटतो. दाट शेंड्यांत रातढोकऱ्या दिवसा झोपलेल्या असतात, खाली पांढरी विष्ठा पडलेली दिसली की वर बघा. चिखलावर शेपटी सतत खाली-वर करत चालणारा तुतवार, भगव्या-लाल पायांचा टिळवा, आणि खाली वळलेल्या लांब चोचीचा कोरल, हे तिघं नवशिक्याने आधी पक्के करावेत. बाकीचे तुतवार एका फेरीत ओळखायचा हट्ट नको.

मनोऱ्यावर एका वेळी मोजकीच माणसं चढा आणि पाय आपटू नका. लाकडाचा-लोखंडाचा आवाज पाण्यावरून लांब जातो. सूर्य पाठीशी येईल अशी बाजू धरा. साडेनऊनंतर पाण्यावरची चमक डोळ्यांत जाते आणि रंग पुसले जातात, मग उतरायला हरकत नाही.

छायाचित्र काढणाऱ्यांसाठी थोडं. सावलीतल्या बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद पुरतो, उडत्याला १/२००० लागतो. आयएसओ १६०० च्या खाली ठेवायचा हट्ट धरलात तर फोटो हलतील. काळ्या चिखलावर पांढरा बगळा असेल तर उजेड पाऊण पायरी कमी करा, नाही तर पिसं कागदासारखी सपाट येतात. आकाशासमोर घार असेल तर एक पायरी वाढवा. फ्लॅश कधीच नको.

होडीतून

धक्क्याजवळ स्थानिक होडीवाले फेरी मारून आणतात. इथे ओहोटीचा नियम उलटा होतो: पूर्ण ओहोटीला होडी आतल्या फाट्यांत शिरत नाही, गाळात टेकते. पाणी अर्धं चढलेलं असताना, म्हणजे ओहोटीनंतर दोन-तीन तासांनी, होडी आतही जाते आणि काठाचा चिखलही थोडा उघडा असतो. म्हणून सकाळी आधी पायवाट, मग चहा, मग होडी, हा क्रम धरा.

बसण्याआधी चार गोष्टी ठरवून घ्या: किती वेळ, एकूण पैसे किती (माणशी की होडीचे), सगळ्यांना तरंगजाकिटं आहेत का, आणि पक्षी दिसल्यावर इंजिन बंद करून वल्ह्याने नेणार का. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. इंजिन चालू ठेवून थव्याजवळ गेलात तर तुम्हाला फक्त उडालेल्या पक्ष्यांच्या पाठी दिसतील. होडीवाल्याला पक्ष्यांची जाण असते; कुठे काय दिसतंय ते त्याला विचारा, पण "अजून जवळ घ्या" म्हणू नका. तो बक्षिसीच्या आशेने घेईल, आणि दहा होड्या तसं करू लागल्या की थवा ती जागा सोडतो.

हात पाण्यात घालू नका. मांडवी आणि झुआरीला जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात आणि आसपासच्या खाजनांत, म्हणजे खाडी अडवून केलेल्या शेतांत, मगरी आहेत. गोड्या पाण्यातली ही मगर इथे मचूळ पाण्यात रुळली आहे. ती ओहोटीला ऊन खायला काठावर येते आणि चिखलाच्या रंगात मिसळून जाते. माणसाच्या वाटेला ती सहसा जात नाही, पण पाण्याच्या कडेला पाय सोडून बसणं, मासे धुणं, कुत्रा बरोबर आणणं, हे कटाक्षाने टाळा. फोंडा तालुक्यातल्या काही खाजनगावांत पौषात चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, मानगेथापणी म्हणतात तिला. बांधाजवळ राहणाऱ्या माणसांनी मगरीशी शेजार असा पिढ्यान् पिढ्या सांभाळला आहे. पाणमांजरंही बेटाभोवती आहेत. एका रांगेत पाण्यावर पाच-सहा डोकी दिसली तर ती तीच. इंजिन लगेच बंद करायला सांगा.

पाय रुतला तर

वाटेवरून पाय घसरून चिखलात गेलाच, तर घाबरून सरळ वर खेचू नका. पायाखाली पोकळी होते, हवा आत जात नाही आणि चिखल उलट ओढून धरतो. दुसरा पायही खाली घालू नका. मागे रेलून फरसबंदीवर किंवा जाड मुळाच्या बुंध्यापाशी बसा, रुतलेला पाय घोट्यातून गोल-गोल हलवा म्हणजे कडेने पाणी आत शिरेल, आणि मग टाच आधी, चवडा नंतर असा हळूहळू काढा. बूट अडकला तर बुटाची नाडी सोडून पाय काढा, मग काठीने बूट. सोबत्याने काठावर आडवं बसून हात द्यावा. उभ्याने ओढायला गेला तर तोही आत येतो. कालवांच्या शिंपल्यांच्या कडा वस्तऱ्यासारख्या असतात. कापलं तर स्वच्छ पाण्याने धुऊन जंतुनाशक लावा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून डॉक्टरला दाखवा. चिखलातली जखम साधी समजू नये.

वेळ उरला तर बांधावर

अभयारण्याबाहेर चोडणची खाजनं आहेत: खाडी अडवून, मातीचे बांध घालून शतकांपूर्वी मिळवलेली शेतं. बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं लाकडी दार. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा ते आपोआप मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतं. ओहोटी लागल्यानंतरचा पहिला तास मानशीपाशी घालवा. आतून वाहत येणाऱ्या पाण्याबरोबर मासे येतात आणि ते टिपायला बगळे आणि पाणकावळे दाराशीच रांग लावतात. मात्र मानशीवरची मासेमारी लिलावाने दिलेली असते. जाळं लावलेलं असेल तर अंतर राखा, दाराच्या फळ्यांवर चढू नका, आणि बांधावरून चालताना कडेची माती पायाने ढासळू देऊ नका. एक भोक पडलं तरी खारं पाणी आत शिरून सगळ्या गावाचं पीक जळतं.

परतताना करमळीहून गाडी पकडायची असेल तर स्टेशनाला लागूनच तळं आहे. हिवाळ्यात तलवार बदकं आणि जांभळ्या पाणकोंबड्या तिथे उतरतात. त्या तळ्याला भरती-ओहोटी नाही, म्हणून ते दुपारनंतरसाठी, साडेतीन ते पाचसाठी राखून ठेवा, तेव्हा ऊन पाठीशी येतं. बूट मात्र चोडणलाच, फाटकाबाहेर धुऊन घ्या. वाळलेला खारा चिखल कातडं फोडतो.